मुलाचा इसब: आंघोळ, मलम आणि हात आखडता न घेणं

डॉक्टरांनी मुलाला तपासून 'हा इसबच आहे' असं सांगितलंय, हे धरून लिहिते. तेवढं झालं नसेल तर आधी ते करा, कारण अंगावर काहीही उठलं की 'गजकर्ण आहे' म्हणून मोकळी होणारी एक तरी मावशी प्रत्येक घरात असते. गजकर्ण बुरशीमुळे होतं. खरूज किड्यामुळे होते आणि तिच्यात हळूहळू घरातले सगळेच खाजवायला लागतात. इसब या दोन्हींतला नाही आणि तो कुणाकडून कुणाला लागत नाही. माझ्या थोरलीला तो पाचव्या महिन्यात गालांवर आला, धाकट्याला चौथ्यात. थोरलीवर मी सगळ्या चुका करून घेतल्या, धाकट्याचं त्यामुळे बरंच सुखाचं गेलं.

आंघोळ

कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, बिनवासाचा सौम्य साबण आणि तोही मळलेल्या जागीच. पाण्यात कोपर बुडवून बघा, ना ऊन ना गार लागलं की झालं. पुण्याच्या डिसेंबरात आपल्याला जे पाणी हवंहवंसं वाटतं, ते या कातडीला कढतच असतं.

डाळीचं पीठ, हळद-साय, मोहरीचं तेल, पाण्यात टाकलेलं जंतुनाशकाचं झाकण, कडुनिंबाचा पाला, सगळं बंद. फुटलेल्या कातडीवर हे झोंबतं, मूल रडतं आणि आपण म्हणतो, 'औषध लागू पडतंय.' नरकचतुर्दशीला आमच्याकडे उटण्याचं बोट फक्त पायाच्या अंगठ्याला टेकवतात. सासूबाई पहिल्या वर्षी रुसल्या, आता त्याच बोट टेकवतात.

मॉइश्चरायझर

टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. अंग दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, सगळ्या अंगाला जाडसर क्रीम लावायचं. लव ज्या दिशेला जाते त्या दिशेने, न चोळता. संध्याकाळी परत. बिनवासाचं घ्या, डब्यावर फुलांची चित्रं जितकी कमी तितकं बरं. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा. सगळ्या अंगाला नीट लावलं तर आठवड्याला साधारण पाव किलो लागतं. हो, पाव किलो. महिनाभर शंभर ग्रॅमची ट्यूब पुरवणाऱ्याने 'फरक पडत नाही' म्हणू नये. खोबरेल तेलाशी माझं भांडण नाही, पण इसब फुललेला असताना नुसत्या तेलावर भागत नाही.

मलम

बहुतेक घरांत गाडं इथे अडतं. माझं सात महिने अडलं होतं.

थोरलीला डॉक्टरांनी सौम्य स्टेरॉइडचं मलम दिलं. 'स्टेरॉइड' ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. शेजारणीने सांगितलं कातडी पातळ होते, कुणी सांगितलं सवय लागते. मग मी तीट लावतात तेवढं, मुगाच्या दाण्याइतकं मलम कोपराच्या खळीत टेकवायचे. तिसऱ्या दिवशी जरा बरं दिसलं की बंद. सहाव्या दिवशी इसब परत हजर. परत मूग, परत बंद. पंधरा ग्रॅमची ट्यूब सात महिने पुरली आणि पोर सात महिने रात्रीची खाजवत राहिली. डॉक्टरांनी ट्यूब दाबून पाहिली आणि विचारलं, "ही लावलीत की पूजेला ठेवलीत?"

किती लावायचं, याचं माप आपल्याच हातावर आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक सरळ रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि मोठ्या माणसाचे दोन तळवे, बोटांसकट, झाकतील एवढ्या जागेला पुरतं. बोट मोठ्या माणसाचं, तळवेही मोठ्या माणसाचेच. हे माप ब्रिटनमधल्या त्वचातज्ज्ञांनी 1991 मध्ये मांडलं. पंधरा ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी तीस बोटं बसतात, त्यावरून माझ्या मुगाच्या दाण्यांचा हिशेब तुम्हीच करा.

मॉइश्चरायझर आणि मलम यांच्यात पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. आधी कुठलं, ते डॉक्टर सांगतील तसं. मलम फक्त इसबाच्या जागी, सांगितलं असेल तितक्याच वेळा. चेहऱ्यासाठी वेगळं दिलं असेल तर अंगाचं मलम चेहऱ्यावर नेऊ नका.

आता थांबायचं कधी? इथे डोळ्यांवर विसंबू नका. सावळ्या कातडीवर इसब लाल दिसेलच असं नाही, तपकिरी किंवा राखाडीही दिसतो. वरचा रंग निवळला तरी आत दाह उरलेला असतो. मी रात्री दिवा मालवून बोटांच्या पाठीने चाचपते. गुडघ्यामागची कातडी बारीक रव्यासारखी लागली तर इसब अजून आहे. शेजारच्या चांगल्या कातडीसारखीच गुळगुळीत लागली की त्यानंतर आणखी दोन दिवस लावून मी थांबते. मला तसंच सांगितलं होतं, तुम्हाला दिवस ठरवून दिले असतील तर ते पाळा. मागे पांढुरके किंवा काळपट डाग उरतात. तो इसब नव्हे, ते काही महिन्यांत हळूहळू निवळत जातात. त्यांवर मलम चोळत बसू नका.

कातडी पातळ होते हे खोटं नाही. कडक स्टेरॉइड, महिनोन्महिने, कुणाला न विचारता, विशेषतः चेहऱ्यावर किंवा जांघेत लावलं तर होते. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे औषधाच्या दुकानात 'खाज येतेय' म्हटलं की चिठ्ठीशिवाय मिळणारी ट्यूब. तिच्यात कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवसांत जादू होते, म्हणून ती घराघरांत फिरते. मुलाच्या अंगाला ती लावू नका.

रात्र

नखं दर रविवारी कापा, सुती कपडे घाला, खोली गार ठेवा. खाज उठली की ओला गार फडका दोन मिनिटं धरायचा आणि वर मॉइश्चरायझर. 'खाजवू नको' म्हणून ओरडण्याचा उपयोग होत नाही, मी करून पाहिलंय. पॅराफिनचं क्रीम मुरलेले कपडे आणि चादरी चटकन पेट घेतात, देवघरातली समई आणि दिवाळीतले फटाके लांब ठेवा.

दूध, अंडी, शेंगदाणे मनाने बंद करू नका. पथ्याने मूल वाळतं आणि इसब बहुधा जिथल्या तिथे राहतो. एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच गांधी उठल्या, उलटी झाली, तर ती गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरकडे कधी

पिवळी खपली, पू, ताप, किंवा नीट लावूनही आठवड्याभरात फरक नसेल तर जा. एकसारखे बारीक फोड घोळक्याने उठले, त्यांचे खळगे पडले, मूल मलूल झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. हा नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि तो लांबवण्यासारखा नसतो.

जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, मावशीने दिलेलीसुद्धा. पहिल्या भेटीत ती मी पर्समध्येच ठेवली होती.