थंडीत दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना प्रथिने कोणत्या घटकांतून द्यावीत?

थंडी पडू लागली की दूध तोडलेली पिल्ले खुंटल्याच्या तक्रारी वाढतात आणि सगळा दोष हवेला दिला जातो. थंडीचा वाटा असतोच. परंतु तीन-चार आठवड्यांचे पिल्लू मादीपासून वेगळे केल्यानंतर पहिल्या पंधरवड्यात त्याच्या खुराकात कोणते प्रथिन असते, यावर पुढची वाढ मोठ्या प्रमाणात ठरते. म्हणून पोत्यावर छापलेल्या प्रथिनांच्या टक्केवारीवर विसंबून न राहता ती प्रथिने कोणत्या घटकांतून आली आहेत, हे आधी विचारावे.

मादीच्या दुधातील प्रथिन पिल्लाला जवळजवळ पूर्ण पचते. दुधातील लॅक्टोज या साखरेपासून जठरात लॅक्टिक आम्ल तयार होते आणि पिल्लाच्या अपुऱ्या जठराम्लाची उणीव त्यामुळे भरून निघते. दूध तुटताच हा आधार जातो, त्याच दिवसांत लहान आतड्यातील अन्नरस शोषणारे अंकुर आखूड होतात, आणि नेमके तेव्हाच आपण पेंडीचे जड खाद्य पुढे ठेवतो. न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात कुजते, अमोनियासारखे त्रासदायक पदार्थ तयार होतात, ई-कोलाय जंतूंना वाव मिळतो आणि हगवण लागते.

सोयाबीन पेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिने असतात आणि तिच्यात लायसिन हे वाढीसाठी आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) चांगले असते, त्यामुळे मोठ्या डुकरांसाठी ती उत्तमच आहे. लहान पिल्लांच्या बाबतीत मात्र अडचण येते, कारण सोयाबीनमधील काही प्रथिनांची त्यांच्या आतड्याला तात्पुरती ॲलर्जी होते आणि त्यातील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा त्यांना पचत नाहीत. कच्चे सोयाबीन तर कधीच देऊ नये. त्यातील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनाचे पचनच अडवतो. उष्णतेने तो निष्प्रभ होतो, पण दाणे करपेपर्यंत भाजले तर लायसिन वाया जाते. पेंड पूर्ण वगळावी असे मात्र आम्ही सुचवणार नाही. मादीजवळ असतानाच, दहाव्या-बाराव्या दिवसापासून, थोडी पेंड असलेले पूरक खाद्य चिमूटभर चाटवावे, दूध तोडल्यावर पहिल्या आठवड्यात तिचे प्रमाण कमी ठेवावे आणि नंतर टप्प्याटप्प्याने वाढवावे.

या मधल्या काळात व्हे पावडर (चीज करताना उरणाऱ्या निवळीची भुकटी), स्निग्धांशविरहित दूध पावडर आणि चांगल्या प्रतीची मासळीची भुकटी यांचा आधार घ्यावा. व्हे पावडरमध्ये प्रथिने जेमतेम १२ टक्क्यांच्या आसपास असतात, पण सुमारे ७० टक्के लॅक्टोज असते आणि तिचा खरा उपयोग त्यातच आहे. मासळीच्या भुकटीची मूठभर पूड पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात टाकून ढवळावी. तळाशी वाळूचा थर बसला किंवा पुडीला खवट वास आला, तर ते पोते परत करावे. मिठाचे प्रमाणही विचारून घ्यावे.

शेंगदाणा पेंडीत लायसिन कमी असते आणि दमट हवेत तिच्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी चढते. सरकी पेंडीत गॉसिपॉल हा विषारी घटक असतो. या वयात दोन्ही टाळाव्यात.

पिल्लाची वाढ सर्वांत आधी लायसिनच्या कमतरतेने अडते. ५ ते ७ किलो वजनाच्या पिल्लाच्या खाद्यात पचनीय लायसिन सुमारे १.५ टक्के, तर ११ ते २५ किलोच्या पिल्लाला सुमारे १.२३ टक्के लागते. एवढे लायसिन केवळ पेंड वाढवून द्यायचे तर एकूण प्रथिने फार वाढतात आणि आतड्यावर ताण येतो. त्यापेक्षा एकूण प्रथिने १८ ते २० टक्क्यांच्या आसपास ठेवून लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले पशुआहार तज्ज्ञाच्या सल्ल्याने वेगळी मिसळावीत.

गारठलेले पिल्लू खाल्लेला खुराक अंग उबदार ठेवण्यात खर्च करते आणि उत्तम प्रथिनही वाढीला लागत नाही. पहिल्या आठवड्यात झोपण्याच्या जागी २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान असावे, जमीन कोरडी असावी व वाऱ्याचा झोत थेट अंगावर येऊ नये. पिल्ले एकमेकांवर चढून झोपत असतील, तर ऊब कमी पडते आहे असे समजावे. दूध तोडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक पिल्लाच्या पोटावरून हात फिरवावा. पोट खपाटीला गेलेले असेल, तर त्या पिल्लाला कोमट पाण्यात कालवलेले खाद्य थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे आणि उरलेले लगेच काढून टाकावे.

शेपटीखाली विष्ठा चिकटलेली दिसली, तर प्रथिने वाढवण्याची घाई करू नये. सोयाबीन पेंड दोन-तीन दिवस कमी करावी, स्वच्छ पाणी व जलसंजीवनीसारखे क्षार मिसळलेले पाणी सतत ठेवावे, आणि एका दिवसात फरक पडला नाही किंवा ताप आला, तर पशुवैद्यकाला बोलवावे.