टँकरची वर्गणी टाळायची आंतरराष्ट्रीय पद्धत

मे महिन्यात नागपुरात पारा 45 वर गेला, बोअर आटली, की सोसायटीत टँकरच्या वर्गणीचा विषय निघतोच. नाही म्हणू नका बाप्पा! संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेसारखा मोठ्या मनानं आकडा जाहीर करा, मुदत तेवढी लांबची घ्या. श्रीमंत देशांनी 2009 मध्ये कोपनहेगनला कबूल केलं, हवामान बदलाशी झुंजायला गरीब देशांना 2020पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर देऊ. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या हिशेबानं तो आकडा गाठला 2022 मध्ये, आणि त्यातही मोठा वाटा कर्जाचा. म्हणजे शेजाऱ्याला उसने द्या, वहीत वर्गणी म्हणून लिहून घ्या. पुन्हा मागितलं तर बाकूच्या, 2024च्या हवामान परिषदेचा दाखला द्या: गरीब देशांची मागणी वर्षाला 1.3 लाख कोटी डॉलरची, कबूल झाले 300 अब्ज, तेही 2035पर्यंत. सेक्रेटरी फारच अडून बसला तर बैठक पहाटेपर्यंत लांबवा. तर्री-पोहे अर्थातच यजमानाच्या खर्चानं.