रोजा तब्येतीला कसा जपावा?

रमजानची तयारी चंद्र दिसायच्या आठवडाभर आधी सुरू करा, आणि तीही चहापासून. दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्याचं डोकं पहिल्या रोज्यांत ठणकतं, ते बरेचदा भुकेपेक्षा चहा तुटल्यामुळे. रोज एकेक कप कमी करत या.

याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. मधुमेह, रक्तदाब, किडनीचा त्रास असेल तर गोळ्या-इन्सुलिनची वेळ आणि मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मनाच्या आजारावरच्या गोळ्याही परस्पर बंद करू नका. लिथियम ही त्यातलीच एक गोळी घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय रोजा धरूच नये. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण धोक्याइतकं वाढू शकतं.

सहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं खाणं, रात्रीच उरकून झोपू नका, फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) थोडं आधी उठून खा. भाकरी, डाळ, अंडं, दही. लोणचं-पापड नकोच, दुपारी घसा त्यानं सुकतो. शेवटच्या पाच मिनिटांत घटाघटा प्यायलेलं पाणी अंगात टिकत नाही. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल, तर इफ्तारपासून (संध्याकाळी रोजा सोडल्यापासून) सहरीपर्यंत थोडं थोडं करून आठ-दहा ग्लास होऊ द्या.

सगळ्यात नाजूक वेळ असर ते मगरिब, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजपासून सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत. कढईत भजी, विळीवर कलिंगड, पोरांची भांडणं, आणि तळणारी बाईही रोज्यातच. घरातले कडू शब्द याच तासात निघतात. म्हणून फळं चिरणं, जेवणाचा दस्तरखान अंथरणं, ग्लास भरणं पुरुषांनी आणि मुलांनी उचलावं. तळण आठवड्यातून एक-दोनदाच ठेवा. सहरीला सगळ्यांआधी घरची बाईच उठते. जोहरनंतर (दुपारच्या नमाजनंतर) तिला वीस मिनिटं आडवं होऊ द्या.

अजान झाली की खजूर, पाणी, मग नमाज, मग जेवण. तेवढ्यात पोट सावरतं आणि ताटावर तुटून पडणं टळतं.

दरदरून घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर तपासा. बोटाला सुई टोचल्यानं रोजा तुटत नाही. आकडा 70च्या खाली असेल तर मगरिबला दहा मिनिटं उरली असली तरी रोजा सोडा, साखरपाणी घ्या. 300च्या वर गेला तरी रोजा सोडून पाणी प्या आणि डॉक्टरांना गाठा. आजारी माणसाला रोजे नंतर भरून काढायची मुभा कुराणातच आहे, सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींत. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या रमजान लागण्याआधीच वाचून दाखवा. ऐन वेळी ते कुणाचं ऐकत नाहीत.