गंडीकोट्याच्या आधी गोकाकला एक फेरी

आंध्रातल्या गंडीकोट्याचा, म्हणजे पेन्नार नदीच्या दरीचा बेत ठरला की आमच्या बेळगावच्या मंडळींत पहिला प्रश्न ठरलेला: “दरी एवढी मोठी आहे, मग 14 घेऊ की 16?” म्हणजे 14 मिलिमीटरची लेन्स की 16 ची; आकडा जितका लहान तितकी लेन्स वाइड, म्हणजे तितकं रुंद दृश्य मावतं. माझं उत्तर कुणाला आवडत नाही. आधी गोकाकच्या धबधब्याला जाऊन या, आणि घरात जी लेन्स आहे तीच घेऊन जा. कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 असली तरी पुष्कळ झालं. घटप्रभा जिथे वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे 52 मीटर खाली कोसळते, तिथे समोरच्या काठावर उभं राहून एक फोटो 18 वर काढा, एक 24 वर, एक 35 वर. घरी येऊन तिन्ही शेजारी शेजारी लावा. वाइडमध्ये सगळं मावतं हे खरं, पण मावतं ते लहान होऊन. प्रत्यक्षात छातीत धडकी भरवणारा कडा फोटोत परसातल्या गडग्याएवढा दिसतो. वर नुसतं आभाळ, खाली नुसता खडक.

म्हणून लेन्स ठरवताना दरी किती रुंद आहे ते बघू नका, पायाशी काय आहे ते बघा. भेगाळलेला खडक, त्यात साचलेलं पाणी, वाकडं झुडूप असं काही हाताच्या अंतरावर असेल तरच 16 किंवा 14 ला काम आहे. जवळचं मोठं होतं आणि नजर तिथून दरीत उतरते. पायाशी काहीच नसेल तर 24 किंवा 35 बरी. पेन्नारचं ते लाल भिंतींमधलं वळण काठावरून टिपायला तर मी कॅमेरा उभा धरून 35 वर पाच-सहा फोटो काढतो, प्रत्येक फोटोत आधीच्याचा एक तृतीयांश भाग येऊ देतो आणि घरी जोडतो. पण तेव्हा अगदी जवळचा दगड चौकटीत नको, सांधा तिथेच फसतो.

आकड्यांत घोळ होतो तो सेन्सरमुळे, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या तुकड्यामुळे. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरवर, 24 ची लेन्स आडवं साधारण 74 अंश बघते, 16 ची 97 अंश. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सर असेल तर निकॉन-सोनीवर आकडा दीडपट धरा, कॅननवर 1.6 पट. म्हणजे तुमची 18 ही खरी 27 ते 29 आहे, आणि 16 चा परिणाम हवा असेल तर 10 पासून सुरू होणारी लेन्स लागेल. एफ 2.8 साठी (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त आत येतो) जादा पैसे घालू नका, तारे टिपायचे नसतील तर. दरीचे फोटो एफ 8 ते 11 वरच काढायचे असतात. फुल फ्रेमची एफ 4 वाली 16-35 हलकी पडते आणि तिच्यावर साधा फिल्टर बसतो. निकॉनच्या जुन्या 14-24 सारख्या लेन्सची काच पुढे फुगलेली, तिला फिल्टर लावायचा म्हणजे वेगळं, महागडं बिऱ्हाड. पोलरायझर फिल्टर न्याच, ओल्या खडकावरची चमक तो मारतो. मात्र फार वाइडवर आभाळात मधेच गडद पट्टा उठतो, तेव्हा आभाळ कमी ठेवा.

विकत घ्यायच्या आधी भाड्याने घ्या, आणि इथे पंचांग बघावं लागतं. आपल्याकडे चांगल्या वाइड लेन्स असतात लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे. चातुर्मासात त्या कपाटात पडून असतात. तुळशीचं लग्न लागलं की एकही मोकळी मिळत नाही. गंडीकोट्याला थंडीत जायचं तर लेन्स दिवाळीच्या आधीच सांगून ठेवा. हातात आल्यावर घरासमोरच्या विटांच्या भिंतीचा एफ 8 वर सरळ फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा धुरकट असेल तर ती लेन्स कधीतरी आपटली आहे. मी हे एकदा टाळलं. सगळ्या फोटोंत उजवीकडचा खालचा कोपरा लोण्यासारखा आला, आणि लेन्स देणारा म्हणाला, “लग्नात कोण बघतंय कोपरा?”

फोकसचा सराव गोकाकलाच उरका. फुल फ्रेमवर 16, एफ 11, फोकस साधारण एक मीटरवर, मग अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत कामापुरतं रेखीव येतं. 24 वर तोच फोकस दोन मीटरच्या आसपास न्या. ट्रायपॉडचा पाय आणि स्वतःच्या बुटाचं टोक चौकटीत येतंय का तेही दर वेळी बघा. 14 वर माझा डावा बूट बऱ्याच प्रसिद्ध ठिकाणी जाऊन आलाय. झुलत्या पुलावर ट्रायपॉड लावू नका, एक माणूस चालला तरी तो हलतो. पावसाळ्यात तुषार उडतात, म्हणून जुन्या सुती धोतराचे दोन-तीन तुकडे खिशात असू देत. वाइडवर काचेवरचा एक थेंबसुद्धा फोटोत डाग होऊन बसतो.

बाकी बॅटऱ्या, कार्ड, टॉर्च, पाणी हे काय सांगायचं.

एक मात्र सांगायलाच हवं. वाइड लेन्समधून बघताना काठ आहे त्यापेक्षा लांब वाटतो. मागच्या पावसाळ्यात गोकाकला मी डोळा कॅमेऱ्याला लावून “अजून जरा पुढं” करत चाललो होतो. मागून चहावाल्या मावशी ओरडल्या, “मुंदे होगब्याड्री!” म्हणजे पुढं जाऊ नका. कॅमेरा खाली घेतला तर मला पाच-सहा पावलांवर वाटणारा काठ दोन पावलांवर होता, आणि शेवाळ बुटाखालीच सुरू झालं होतं. तेव्हापासून जागा आधी नुसत्या डोळ्यांनी ठरवतो, पाय रोवतो, मगच कॅमेरा वर घेतो.