लष्करातल्या जनरलचा बायोडेटा वाचायचा कसा? (मेडलांपासून सुरू करू नका)

पेपरात बातमी येते, अमुक लेफ्टनंट जनरल तमुक कमांडचे प्रमुख झाले, खाली सात-आठ ओळींचा बायोडेटा, आणि त्यात इतके शॉर्टफॉर्म कोंबलेले की आपण सगळं सोडून थेट 'ते मूळचे पुण्याचे' या ओळीवर जातो आणि तेवढंच ग्रुपवर फॉरवर्ड करतो. मी पण असाच होतो. एकदा एका स्मरणिकेसाठी मी एका जनरलवर अर्धं पान लिहिलं आणि त्यात 'छातीवर शौर्याची चार पदकं' असं ठोकून दिलं, तर ओळखीतल्या एका रिटायर्ड सुभेदार मेजर काकांचा फोन आला, म्हणाले अरे बाबा परम विशिष्ट म्हणजे परमवीर नव्हे, ते युद्धातलं मेडलच नाही. छापून झालं होतं, काय करणार. तेव्हापासून मी हे बायोडेटे नीट वाचायला शिकलो, तीच पद्धत इथे सांगतो.

सगळ्यात आधी दोन तारखा शोधा, जन्मतारीख आणि कमिशनची (म्हणजे अधिकारी म्हणून लष्करात रुजू झाल्याची) तारीख. बाकी सगळं नंतर. लोकांना वाटतं की सगळ्यात शूर किंवा सगळ्यात हुशार माणूस प्रमुख होतो, तो शूर आणि हुशार असतोच, पण त्याच्या बरोबरीचे अजून पाच जण तसेच असतात, आणि मग कोण पुढे जाणार हे बऱ्याचदा कॅलेंडर ठरवतं. नियम साधा आहे. लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी रिटायर होतो. लष्करप्रमुख मात्र ६२ वर्षं किंवा तीन वर्षांची टर्म, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. आणि रिटायरमेंट वाढदिवसाला नाही, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी असते. जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. एवढं पाठ करा आणि आता गंमत बघा.

जनरल मनोज नरवणे, जन्म २२ एप्रिल १९६०. साठ वर्षं एप्रिल २०२० मध्ये पूर्ण होणार, म्हणजे प्रमुख झाले नसते तर ३० एप्रिल २०२० ला घरी. प्रमुख झाले ३१ डिसेंबर २०१९ ला, म्हणजे फक्त चार महिने शिल्लक असताना. मग तीन वर्षांची टर्म म्हणजे डिसेंबर २०२२ पर्यंत का नाही राहिले? कारण एप्रिल २०२२ मध्ये वयाची ६२ आधी भरली, ३० एप्रिल २०२२ ला निवृत्त. त्यांच्यानंतर आले नागपूरचे जनरल मनोज पांडे, जन्म ६ मे १९६२. हिशोब करा, साठ वर्षं मे २०२२ मध्ये पूर्ण. नरवणे अजून एक महिना राहिले असते तर पांडे लेफ्टनंट जनरल म्हणूनच रिटायर व्हायच्या उंबरठ्यावर आले असते. शिवाय त्यांच्या पुढे असलेले सिनियर लोक त्याच वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये रिटायर झाले, व्हाइस चीफ (उपप्रमुख) लेफ्टनंट जनरल मोहंती ३१ जानेवारीला निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी पांडे व्हाइस चीफ. आणि सगळ्यात काठावरचा हिशोब पुढचा आहे. जनरल उपेंद्र द्विवेदी, जन्म १ जुलै १९६४. एक तारखेचा जन्म! म्हणजे लेफ्टनंट जनरल म्हणून त्यांची रिटायरमेंट ३० जून २०२४. आणि प्रमुख कधी झाले? ३० जून २०२४. पांडे खरं तर ३१ मे २०२४ ला रिटायर व्हायचे होते, त्यांना एक महिन्याचं एक्स्टेन्शन मिळालं, आणि त्या एका महिन्यावर त्या दिवसांत केवढी चर्चा चालली होती ते आठवत असेल. द्विवेदींच्या तारखा बघितल्या की ती चर्चा कशासाठी होती ते कळतं, पांडे आणखी एक दिवस राहिले असते तर द्विवेदी आधीच घरी.

म्हणून कुठलाही नवीन आर्मी कमांडर (एखाद्या कमांडचा प्रमुख) झाला की मी आधी कागदावर त्याच्या साठीचा महिना लिहितो आणि शेजारी सध्याच्या प्रमुखांचा निवृत्तीचा महिना. पुढच्या प्रमुखांच्या शर्यतीत कोण आहे आणि कोण नाही हे तिथंच कळतं. फक्त जुन्या लोकांना आजचं गणित लावू नका, पूर्वीची वयं वेगळी होती.

तारखा झाल्या की शिडी बघायची. कमिशन मिळालं की लेफ्टनंट (जुन्या लोकांच्या बायोत सेकंड लेफ्टनंट दिसेल, ती रँक आता नाही), दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल (सगळी वर्षं कमिशनपासून मोजायची). इथपर्यंत बहुतेक सगळे जातात, मुख्यतः वेळ भरावी लागते. खरी चाळणी कर्नलपासून. तिथं बोर्ड बसतं, जुने रिपोर्ट वाचले जातात, आणि बॅचमधले बरेच जण तिथेच थांबतात. मग ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, प्रत्येक वेळी वेगळं बोर्ड आणि पिरॅमिड अजून निमुळता. त्यामुळे कुणी 'नुसता' ब्रिगेडियर म्हणून रिटायर झाला असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

आता बायोडेटात 'कमांड केली' हे शब्द कुठे कुठे आहेत ते शोधा आणि खाली पेन्सिलीने रेघ मारा. पलटण म्हणजे साधारण आठशे माणसं, तिचा सीओ (कमांडिंग ऑफिसर) आता कर्नल असतो, आधी लेफ्टनंट कर्नल असायचा. तीनेक पलटणींची ब्रिगेड, तिच्यावर ब्रिगेडियर. तीन-चार ब्रिगेडची डिव्हिजन, तिच्यावर मेजर जनरल. काही डिव्हिजन मिळून कोअर, लेफ्टनंट जनरल. आणि वर सहा कमांड, उधमपूर, चंडीमंदिर, कोलकाता, पुणे, लखनौ, जयपूर, शिवाय सिमल्याची ट्रेनिंग कमांड. आर्मी कमांडर व्हायला कोअर कमांड केलेली असावी लागते, त्यामुळे बायोत कोअर आहे का नाही हे बघणं फार महत्त्वाचं. नरवण्यांचं उदाहरण घ्या, जून १९८० ला ७ सिख लाइट इन्फन्ट्रीत कमिशन, मग जम्मू-काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सची बटालियन, १०६ इन्फन्ट्री ब्रिगेड, नागालँडमध्ये आसाम रायफल्सचे इन्स्पेक्टर जनरल, मग अंबाल्याची २ कोअर जी स्ट्राइक कोअर (म्हणजे चढाई करणारी) आहे, मग सिमला, मग कोलकाता, मग व्हाइस चीफ. एकही पायरी गाळलेली नाही. अशी बायो वाचताना कंटाळा येतो पण ती तशी सरळ आहे म्हणूनच माणूस तिथं पोचला.

मधले स्टाफचे जॉब आणि परदेशातली पोस्टिंग पटकन वाचून पुढे गेलात तरी चालेल, फक्त एखादी वेगळी दिसली तर थांबा. नरवणे तीन वर्षं म्यानमारमध्ये यांगोनला आपल्या दूतावासात डिफेन्स अटॅशे (लष्करी प्रतिनिधी) होते, आणि पुढे नागालँड नि पूर्व कमांड आली, तेव्हा सीमेपलीकडची माहिती घेऊन गेलेला माणूस असा त्याचा अर्थ लागतो. वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज, महूचा हायर कमांड कोर्स, दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज, हे तर वर गेलेल्या बहुतेकांच्या बायोत असतंच, त्यात नवल नाही. पांडे मात्र इंग्लंडच्या कँबर्लीला स्टाफ कॉलेज करून आले.

माणूस कुठल्या शाखेचा ते बघा. पायदळ, रणगाडे, तोफखाना इथूनच तोवर प्रमुख झाले होते, पांडे हे इंजिनिअर्समधून आलेले पहिले. बॉम्बे सॅपर्स, ज्यांचं सेंटर आपल्या खडकीला आहे. ऑपरेशन पराक्रमच्या (२००१-०२ मध्ये पाकिस्तान सीमेवर सैन्य उभं केलं होतं त्या) वेळी जम्मू-काश्मीरच्या पल्लनवाला सेक्टरमध्ये ते ११७ इंजिनिअर रेजिमेंट कमांड करत होते. एक जुना गोंधळ इथंच सांगून टाकतो, बायोत शेवटी कधी कधी 'कर्नल ऑफ द रेजिमेंट' असं येतं आणि लोक समजतात की जनरलसाहेब पुन्हा कर्नल कसे काय झाले! तो मान आहे, रेजिमेंटचा वडीलधारा माणूस म्हणून, रँकशी काही संबंध नाही. नरवणे सिख लाइट इन्फन्ट्रीचे असे कर्नल होते.

फोटोवरून ओळखायचं असेल तर कॉलरवरच्या लाल पट्टीवरचे तारे मोजा. ब्रिगेडियर एक, मेजर जनरल दोन, लेफ्टनंट जनरल तीन, जनरल चार. टोपीच्या रंगावरून पलटण ओळखायची सवय असेल (मरून म्हणजे पॅरा, काळी म्हणजे रणगाडेवाले) तर ती १ ऑगस्ट २०२३ च्या आधीच्याच फोटोंना लावा, त्या दिवसापासून ब्रिगेडियर आणि वरच्या सगळ्यांचा गणवेश एकसारखा केलाय.

आणि आता मेडलं, ज्यांनी माझी फजिती केली. दोन ढीग करायचे. एका ढिगात शौर्याची, परमवीर, महावीर, वीर चक्र ही शत्रूसमोरची, आणि अशोक, कीर्ती, शौर्य चक्र ही शत्रूसमोरच्या लढाईबाहेरच्या शौर्याची. दुसऱ्या ढिगात सेवेची, परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि नुसतं विशिष्ट सेवा मेडल, म्हणजे पीव्हीएसएम, एव्हीएसएम, व्हीएसएम. वरच्या रँकला पोचलेल्यांकडे ही सेवेची असतात आणि त्यावरून त्यांनी काय सांभाळलं ते कळतं, नरवण्यांना व्हीएसएम नागालँडच्या कामासाठी आणि एव्हीएसएम स्ट्राइक कोअरसाठी मिळालं. सेना मेडल मात्र फसवं आहे, ते शौर्यासाठीही असतं आणि चांगल्या कामासाठीही, त्यामुळे कुठलं ते बघितल्याशिवाय 'शौर्यपदक' लिहू नका. एखाद्या आर्मी कमांडरच्या नावामागे 'एडीसी' असेल तर ते राष्ट्रपतींचे मानद एडीसी (परिसहायक), मेडल नाही.

शौर्याच्या ढिगात 'बार' हा शब्द दिसला तर मात्र उभं राहून वाचा. बार म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा. जनरल अरुणकुमार वैद्य यांना महावीर चक्र दोनदा मिळालं, १९६५ ला लेफ्टनंट कर्नल असताना डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट घेऊन पंजाबात असल उत्तरला, आणि १९७१ ला ब्रिगेडियर म्हणून शकरगड भागात १६ स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड घेऊन. पुढे ते १९८३ ला लष्करप्रमुख झाले, आणि तेव्हा त्यांच्याहून सिनियर असलेले व्हाइस चीफ एस. के. सिन्हा बाजूला राहिले आणि त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे माझं कॅलेंडरचं गणित नेहमी चालतं असं नाही, शेवटी सही सरकारची असते. १९८६ मध्ये निवृत्तीनंतर काही महिन्यांतच पुण्यात वैद्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

शेवटचं काम सगळ्यात अवघड, बायोत काय *नाही* ते वाचायचं. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरचे, १९४५ ला ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत पंजाब रेजिमेंटची बटालियन कमांड करून डीएसओ (ब्रिटिश काळातलं युद्धपदक) मिळवलेले, नंतर १९५७ ते १९६१ पूर्व कमांडचे प्रमुख. इथं नवखा माणूस लगेच लिहितो 'कोलकात्याला होते', आणि चुकतो, कारण तेव्हा पूर्व कमांडचं मुख्यालय लखनौला होतं, कोलकात्याला ते १९६३ मध्ये गेलं (तसंच पश्चिम कमांड पूर्वी सिमल्याला होती, म्हणून जुन्या बायोत कमांडच्या नावावरून गाव कधीच ठरवू नका). तर त्या लखनौमध्ये मार्च १९६० ला थोरातांनी 'लाल किला' नावाचा अभ्यास सराव घेतला, चीनने ईशान्येकडून हल्ला केला तर काय होईल आणि आपल्याकडे काय कमी आहे हे त्यात मांडलं. त्याआधीच तसा कागदही वर पाठवला होता, संरक्षणमंत्री मेनन यांनी तो मनावर घेतला नाही. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी आपल्यामागे प्रमुख म्हणून थोरातांचं नाव सुचवलं होतं, सरकारने जनरल पी. एन. थापर यांना घेतलं. थोरात १९६१ ला निवृत्त झाले, पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये चीन आला. त्यांच्या बायोडेटात शेवटची लष्करी ओळ 'पूर्व कमांडचे आर्मी कमांडर' एवढीच आहे, बाकीचं आजूबाजूच्या लोकांच्या तारखा शेजारी मांडल्या तरच दिसतं.

करून बघायचं असेल तर आत्ता एक नाव घ्या, तुमच्या जिल्ह्यातलं असेल तर उत्तम, वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारा, डावीकडे त्याच्या तारखा आणि उजवीकडे त्याच वर्षी वरच्या खुर्चीत कोण होतं आणि कधी उठलं ते. मेडलं मागच्या पानावर लिहा.