गोव्यातल्या ऑफिसला वारुळाचं शास्त्र कितपत चालतं?

निसर्गाकडून शिकलेली इमारत म्हटलं की झिंबाब्वेतल्या हरारेच्या ईस्टगेट सेंटरचं नाव निघतंच. वास्तुकार मिक पिअर्स यांनी वाळवीच्या वारुळावरून बेतलेली ही इमारत १९९६ मध्ये पुरी झाली. रात्रीची गार हवा काँक्रीटच्या पोकळ्यांतून खेळते आणि गार झालेलं काँक्रीट दिवसभर उष्णता शोषतं. पण हरारे सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे, तिथे रात्री पारा चांगलाच उतरतो. पणजीत जुलैची रात्र दिवसापेक्षा जेमतेम पाच अंशांनी गार, तीही दमट. ती हवा भिंतींच्या पोटात सोडली तर बुरशीच माजेल. वारूळ बाजूला ठेवा, आधी सावलीचं गणित मांडा.

पणजी साधारण १५.५ अंश उत्तरेला. २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य ९० वजा १५.५ वजा २३.५, म्हणजे ५१ अंशांवर. (इथली माध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास येते.) दक्षिणेच्या खिडकीची उंची टॅन ५१ ने, म्हणजे १.२३ ने, भागली की छज्जा किती बाहेर हवा ते निघतं. १.२ मीटरच्या खिडकीला ९७ सेंमी. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला सरकतो. उत्तरेच्या खिडकीला उन्हापुरते २० सेंमी भागतात, पण पावसाची झड थोपवायला ६० ठेवा.

खरा त्रास पश्चिमेचा. मार्चअखेरीस संध्याकाळी पाचला सूर्य सुमारे २५ अंशांवर असतो. हेच सूत्र लावलं तर छज्जा २.६ मीटर निघतो! म्हणून पश्चिमेला जिना, स्वच्छतागृहं, स्टोअर टाका; खिडकी हवीच असेल तर बाहेरून उभ्या पट्ट्या लावा. आतला पडदा उशिरा कामाला येतो, ऊन काचेतून आत आलेलं असतं.

उजेड खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट आत पोचतो. माथा २.१ मीटरवर असेल तर पाच मीटर. दोन्ही बाजूंना खिडक्या धरून मजल्याची रुंदी १०-११ मीटरच्या वर नेऊ नका. खारे वारेही मग आरपार जातात. वाऱ्यासाठी उंच शाफ्टवर (गरम हवा वर ओढणाऱ्या उभ्या पोकळीवर) भिस्त ठेवू नका: उंची दुप्पट केली तरी हवेचा वेग १.४ पटच होतो, आणि आतबाहेरच्या तापमानात फरक नसेल तर काहीच नाही.

एसीच्या खोल्या आणि उघड्या खिडक्यांच्या खोल्या दाराने तोडा. पावसाळ्यात बाहेरची हवा २२ अंशांच्या भिंतीला लागली की भिंत घामेजते, रंगाला फुगे येतात आणि दोष मात्र रंगाऱ्याच्या माथी.

चिऱ्याची भिंत उघडी ठेवायची तर जोत्याला ओलरोधक थर द्या, पागोळ्या भिंतीपासून लांब पडू द्या. किनाऱ्यालगत उघड्या काँक्रीटच्या सळईवर किमान ४५ मिमी कव्हर (सळईला झाकणारा काँक्रीटचा थर), खाऱ्या तुषारांत ५० मिमी. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक हेच सांगतं. बाहेरच्या पट्ट्यांचे स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, ३०४ वर खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात.