महिना 2 हजार वाचवायला गेले आणि घरी कळलं

सोळा वर्षं मी शरीरविक्रीचा धंदा करते. पहिली चार वर्षं पुण्यात बुधवार पेठेत घरवालीकडे, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडे काढली. येईल त्यातलं निम्मं तिचं, वर खाटेचं भाडं. नंतर बाहेर पडले, तेव्हापासून डोक्यावर घरवाली नाही. गेल्या आठवड्यात एका नव्या मुलीचा फोन आला. ताई, मैत्रिणीबरोबर 2 बीएचके बघितलाय, टोकन दिलंय, घेऊ का? मी फोनवर जे बोलले ते धड नव्हतं, कारण माझाच आवाज कापत होता. म्हणून लिहून काढते.

निरोध, तपासण्या, पैसे आधी हातात, हे तुला माहीत आहे असं धरते. तू 18 पूर्ण केलेली आणि आपल्या मर्जीने आलेली आहेस असंही धरते. कुणी आणून बसवलं असेल, पैसे काढून घेत असेल, तर हे वाचत बसू नकोस, 112 लाव. वय 18 च्या आत असेल तर 1098.

आधी भाड्याचं बोलू. गिऱ्हाईक वाईट निघेल, पोलीस येतील, या भीतीत नवी मुलगी असते आणि भाड्याकडे तिचं लक्षच नसतं. माझ्या अंगावर दोनदा हात टाकला गेला आणि दोन्ही वेळा महिन्याची 27-28 तारीख होती. दोघांचाही फोनवरचा आवाज मला पटला नव्हता. एरवी मी ‘आज नाही जमणार’ म्हणून फोन ठेवला असता, पण मालकाचा भाड्यासाठी दोनदा फोन येऊन गेला होता. म्हणून माझा हिशेब असा आहे: सगळ्यात मंद महिना धर, समज पितृपक्षातला किंवा मुसळधार पावसातला. त्या महिन्यात पहिल्या दहा दिवसांत जेवढी कमाई होते, त्यात भाडं बसलं पाहिजे. बसत नसेल तर ती खोली तुझी नाही, मग ती कितीही छान असू दे, गॅलरीतून टेकडी दिसू दे.

आता तो फास, ज्यात मी सापडले. हे मी लांबवणार आहे, कंटाळू नकोस.

2018 मध्ये मी आणि माझी मैत्रीण वेगवेगळ्या वन बीएचकेत राहत होतो, प्रत्येकी 9 हजार भाडं. दोघी मिळून गावाबाहेरच्या एका सोसायटीत 2 बीएचके घेतला. भाडं 14 हजार, डिपॉझिट 50 हजार, ॲग्रीमेंट तिच्या नावावर. प्रत्येकीचे महिन्याला 2 हजार वाचले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकीकडे गिऱ्हाईक असताना दुसरी स्वयंपाकघरात जागी असायची. एकदा एक जण दारू पिऊन आडवा आला, तर हिने लाटण्याने भिंत वाजवली आणि तो निमूट बूट घालून गेला. इतकी सुरक्षित मी कामात आधी कधी नव्हते, नंतरही नाही.

आणि नेमकं तेच कायद्यात बसत नव्हतं. 1956 चा जो अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे, ज्याला आपण पिटा म्हणतो, त्यात एकट्या सज्ञान बाईने चार भिंतींच्या आत पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा म्हणून लिहिलेलाच नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं. आपल्याला वाटतं, कुंटणखाना म्हणजे घरवाली, दलाल, दहा खाटा. कायद्याची व्याख्या तशी नाही. दुसऱ्या कुणाच्या फायद्यासाठी वापरलेली जागा तर त्यात येतेच, पण दोन किंवा अधिक बायकांनी आपसांतल्या फायद्यासाठी वापरलेली जागाही येते. परत वाच. दोन. घरवाली नको, दलाल नको, दोघी मैत्रिणी निम्मं निम्मं भाडं भरून तिथेच धंदा करतात एवढं पुरतं. कलम 3 खाली पहिल्या गुन्ह्यालाही कमीत कमी 1 वर्ष सक्तमजुरी आहे. चालवणारी कोण ठरते? बहुतेकदा ॲग्रीमेंटवर जिचं नाव, ती. आमच्यात ती माझी मैत्रीण होती. नाणं उलटं पडलं असतं तर मी असते.

जागा कशासाठी आहे हे माहीत असून देणाऱ्या घरमालकालाही याच कलमात 2 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून ब्रोकर जेव्हा डोळा मारून सांगतो, ‘मालकाला सगळं माहितीय, अडचण नाही’, तेव्हा ऐकून हायसं वाटून घेऊ नकोस. अडचण आल्यावर त्या मालकाला काहीच माहीत नव्हतं असंच निघणार. आमचा मालक पंचनाम्याच्या दिवशी जिन्यात उभा राहून आम्हालाच शिव्या देत होता. त्याआधी आठ महिने त्याच 14 हजारांतले 3 हजार तो ‘वरचे’ म्हणून रोख नेत होता. डिपॉझिट अर्थातच गेलं.

पंटर, म्हणजे पोलिसांचं खोटं गिऱ्हाईक, पाठवून रेड झाली. मैत्रिणीवर गुन्हा, आणि मी ‘पीडित’. पीडित म्हणजे सुटले असं मला वाटलं. मला सुधारगृहात ठेवलं, वीस दिवस. चौकशीसाठी तीन आठवड्यांपर्यंत असं ठेवता येतं. त्या चौकशीत तुझं घर कुठलं, घरचे कोण, ते तुला सांभाळतील का, हे बघायला माणूस घरी जातो. माझ्या घरी गेला. लातूरकडच्या लहान गावात परका माणूस फाईल घेऊन पत्ता विचारत हिंडला, तर चहा व्हायच्या आत सगळ्या गल्लीला कळतं. मी तेव्हा 31 वर्षांची होते, तरी मला ‘ताब्यात घ्यायला’ माझ्या आईला एसटीने पुण्याला यावं लागलं. ती कोर्टात सही करून बाहेर आली, मला रसवंतीत उसाचा रस पाजला आणि एक शब्द विचारला नाही. दर दिवाळीला एसटीच्या पार्सलने माझा फराळाचा डबा यायचा. त्या वर्षी आला नाही.

नऊ वर्षं मी दुसरं सिम, दुसरं नाव, फोटोत चेहरा नाही, असं सगळं जिवापाड सांभाळलं होतं. ते महिन्याच्या 2 हजारांपायी गेलं. मैत्रिणीची केस चार वर्षं चालली, निर्दोष सुटली, पण त्या चार वर्षांत तिचे दागिने वकिलाकडे गेले.

हा कायदा मला चुकीचा वाटतो आणि हे मी कुठेही म्हणेन. एकटी बाई म्हणजे कायदेशीर आणि शेजारी मैत्रीण जागी असली की कुंटणखाना, हे ज्याने लिहिलं त्याने बंद खोलीत अनोळखी माणसासोबत कधी एक तास काढलेला नाही. पण कायदा बदलेपर्यंत तुला त्यातच राहायचं आहे.

एवढं वाचून घाबरली असशील, तर थांब. नंतर बरंच झालंय. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान मुलींना सुधारगृहातून सोडलं आणि म्हटलं की सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध असं डांबता येत नाही. 19 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांनी आपल्याशी माणसासारखं वागावं, शिवीगाळ-मारहाण करू नये, रेडच्या बातमीत नाव-फोटो येऊ नयेत, जवळ निरोध सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये. झडतीला आलेल्या पोलिसांत दोन महिला पोलीस असायला हव्यात, हे तर कायद्यातच आहे. ही तीन-चार वाक्यं पाठ कर. दारात आलेला प्रत्येक जण ऐकेलच असं नाही, पण ज्या बाईला हे माहीत असतं तिला सहसा ‘चल गं’ म्हणून ओढत नेत नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मोफत वकिलासाठी 15100.

आता माझी घडी सांगते. राहते ती खोली आणि काम यांचा एकमेकांशी संबंध नाही. खोली कुटुंबांच्या वस्तीत, वन आरके, माझ्या खऱ्या नावावर, नोंदणी केलेलं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलेली. नवी मुलगी इथेच आडवाट धरते. खरं नाव नको, ॲग्रीमेंट नको, रोख देऊ, ब्रोकरच्या नावावर राहू. मला हे अजिबात पटत नाही. ज्या खोलीत तू फक्त राहतेस, तिथे लपवायला काहीच नाही, मग कागद कशाला घाबरतेस? महाराष्ट्रात ॲग्रीमेंट लेखी करून नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलीय. कागद नसला की तो कधीही कुलूप बदलू शकतो आणि तू तक्रारीला जाऊ शकत नाहीस. डिपॉझिट बँकेतून द्यायचं. त्या खोलीवर गिऱ्हाईक कधीच नाही, दहा वर्षांचं जुनं असलं तरी नाही. शेजारी विचारतात तेव्हा मी वृद्धांच्या सेवेची रात्रपाळी सांगते. ते पूर्ण खोटंही नाही, आठवड्यातले दोन दिवस मी एका आजींकडे जाते.

काम लॉजवर किंवा गिऱ्हाइकाच्या ठरलेल्या ठिकाणी. लॉजचे पैसे गिऱ्हाइकाचे, आणि हे आधीच बोलायचं. देऊळ, शाळा, दवाखाना यांच्यापासून 200 मीटरच्या आतलं काम कलम 7 खाली गुन्हा आहे. आता पेठांत 200 मीटर मोकळी जागा शोधून दाखव. म्हणून मी तिकडचे लॉज घेतच नाही, दोनशे रुपये जास्त गेले तरी बाहेरचे घेते. आधारची प्रत द्यायची तर पहिले 8 आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्यायचं, ते अधिकृत आहे. आणि लॉजचा मॅनेजर ‘मीच पाठवतो गिऱ्हाइकं’ म्हणाला की त्या लॉजला रामराम. दोन महिन्यांत तो टक्केवारी मागतो, सहाव्या महिन्यात तो तुझा मालक असतो.

स्वयंपाकघरात जागी असणारी मैत्रीण आता फोनवर आहे. खोलीत शिरण्याआधी लॉजचं नाव, खोली नंबर, गाडीचा नंबर तिला. ठरल्या वेळेच्या दहा मिनिटांनंतर तिचा फोन येतो. मी ‘डाळ शिजली’ म्हणाले तर ठीक. ‘पाहुणे आलेत’ म्हणाले तर ती आधी लॉजच्या काउंटरला आणि मग 112 ला फोन करते. लाटण्याची सर याला नाही. हे काम मित्राला किंवा नवऱ्याला देऊ नकोस. कलम 4 मध्ये तुझ्या कमाईवर जगणाऱ्या सज्ञान माणसाला शिक्षा आहे, आणि जो तुझ्यासोबत राहतो किंवा कायम बरोबर दिसतो, त्याने आपण तसे नाही हे स्वतः सिद्ध करायचं असतं. मुलगा 18 चा झाला की तोही यात येऊ शकतो. माझ्या ओळखीच्या एकीने म्हणून मुलाला आधीच वसतिगृहात ठेवलं.

फोनचं थोडक्यात. यूपीआयने पैसे घेतलेस की समोरच्याला बँकेतलं खरं नाव दिसतं, मग टोपणनावाला अर्थ राहत नाही. रोखच घे. कामाचा फोन वेगळा, नुसतं सिम वेगळं नाही, कारण एकाच फोनमधले नंबर जोडून समाजमाध्यमं तुझ्या चुलतभावाला तुझं कामाचं खातं ‘ओळखता का’ म्हणून दाखवतात. खिडकीसमोर फोटो नको, बाहेरच्या पाटीवरून इमारत सापडते. फोटो पसरवायची धमकी आली तर पैसे देऊ नकोस, दिलेस की तो पुन्हा मागणार. सायबर गुन्ह्यांच्या 1930 ला तक्रार कर. आणि टेलिग्रामवर जे ‘ताई’ आणि ‘सर’ तपासलेल्या गिऱ्हाइकांची यादी विकतात, त्यांना एक रुपया नाही. माणूस ओळखायला मला पेठेतल्या म्हाताऱ्या बायकांनी शिकवलं, फुकट, चहावर.

एका गोष्टीची मला अजून खंत आहे. लपायच्या नादात मी आपल्यासारख्या बायांसाठी काम करणाऱ्या संस्थांपासूनही लांब राहिले. 2020 च्या टाळेबंदीनंतर राज्य सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर महिना 5 हजार रुपये दिले, शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी अडीच हजार. याद्या संस्थांच्या नोंदींवरून झाल्या. माझं नाव कुठेच नव्हतं आणि मी तीन महिने उधारीवर जगले. आता नोंद आहे, कार्डावर नावाऐवजी क्रमांक आहे, आणि एचआयव्हीच्या 2017 च्या कायद्याने तपासणीची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जाऊन एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या पेपच्या गोळ्या सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं. एचआयव्हीच्या हेल्पलाइनला, 1097 वर, विचारलंस तर जवळचं केंद्र सांगतात. पत्त्याअभावी आधार नसेल तर एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर ते मिळतं. पुण्यात सहेली संघ आहे, सांगलीकडे 1996 पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे. तिथे बायाच बायांचं चालवतात. जा, बस, ऐक. बोलायची घाई नाही.

आणि तू, जिने टोकन दिलंय. दोघींनी एकत्र राहायला माझी ना नाही. एकटेपणा मी भोगलाय, घरात कुणी वाट बघणारं असणं काय असतं ते मला कळतं. पण मग काम त्या उंबऱ्याच्या आत एकीचंही आणायचं नाही, एक दिवससुद्धा नाही, आणि हे दोघींना झेपणार असेल तरच. 22 हजार भाडं फक्त राहण्यासाठी तुम्हाला झेपत नाही हे तूच फोनवर म्हणालीस. मग टोकनचे 5 हजार सोडून दे. माझ्या गल्लीत पुढच्या महिन्यात एक वन आरके रिकामी होतेय, साडेसहा हजार, मालकीण खालीच राहते, कागद नीट करते. ब्रोकरला फोन करायच्या आधी मला कर.